कायाक घेऊन गवतात शिरलं की रेडफिश मिळतोच, हे खरं नाही

साउथ कॅरोलायनात राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये उन्हाळा आला की एक मेसेज फिरतो. कुठलीही हाय टाइड पकडा, कायाक (वल्ह्याची छोटी अरुंद होडी) सरळ खाडीकाठच्या गवतात घाला, कायाकचा आवाज होत नाही म्हणून मासा पळत नाही, आणि गवतात येणारा रेडफिश पूर्ण वाढलेला असतो तेव्हा बिनधास्त घरी न्या. मी चार्ल्स्टनच्या आसपासच्या खाड्यांत बरीच वर्षं गरवतोय आणि यातली एकही गोष्ट मला पटत नाही, शेवटची तर अजिबातच नाही.

"कुठलीही हाय टाइड" म्हणे! चार्ल्स्टनला रोजची भरती साडेपाच फुटांच्या आसपास असते, तेवढ्यात खाडी काठोकाठ भरते पण आतलं आखूड गवत कोरडंच राहतं. तिथे पाणी चढायला सहा फुटांच्या वरची भरती लागते, म्हणजे आपलं उधाण, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत गेलात तर गवताकडे बघत बसाल. आणि हा सहाचा आकडा शेजारच्या जॉर्जियातल्या सव्हाना शहराला नेऊ नका, तिथे रोजचीच भरती सातच्या आसपास जाते, आणि लुईझियानात तर जेमतेम फूटभर, तीही बहुतेक दिवसातून एकदाच. वारा पण बघायचा, ईशान्येचा असेल तर भरती-ओहोटीच्या टेबलातल्या आकड्यापेक्षा पाणी वर चढतं, पश्चिमेचा असेल तर उधाणाला सुद्धा कमी पडतं. कोकणातून आलेले इथे अजून एका गोष्टीत फसतात, मुंबईला उधाणाची भरती भर दुपारी येते, इथे उन्हाळ्यात रात्री साडेआठच्या सुमारास, म्हणजे ऐन पौर्णिमेला पाणी भरेपर्यंत अंधार पडतो. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून दोन दिवस आधी गेलात तर सातच्या उजेडात मासा दिसतो.

आता "सरळ गवतात घाला". कुठल्या गवतात? खाडीच्या कडेचं उंच गवत मऊ चिखलात उभं असतं, इथे त्याला प्लफ मड म्हणतात, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. मासा जातो त्याच्या पलीकडे, आखूड गवतात, जिथे जमीन कडक आणि वाळूची असते, कारण फिडलर खेकड्यांची बिळं तिथे असतात आणि एरवी कोरड्यात असलेले ते खेकडे त्याला फक्त या दोनेक तासांत मिळतात. डोकं खाली घालून खेकडा शोधताना त्याची शेपटी पाण्याबाहेर येते, तिच्यावरचा काळा ठिपका लांबून दिसतो, आणि तो दिसला की हात थरथरतो, अजूनही.

आवाजाचं तर उलटंच आहे. रेडफिश आपल्या घोळ आणि ढोम्याच्याच कुळातला, या कुळातले मासे स्वतः आवाज काढतात, यांच्या नरांचा ढोल वाजल्यासारखा आवाज येतो म्हणून तर यांना ड्रम म्हणतात. अशा माशाला फूटभर पाण्यात गवतावर घासणारं प्लास्टिक आणि आपटणारं वल्हं ऐकू येणार नाही? कायाक तिथपर्यंत पोचायला. जमीन कडक लागली की उतरा, दोरीने कायाक कमरेला बांधा आणि हळूहळू चाला. गळाचं टोक ल्यूरमध्ये, म्हणजे खोट्या आमिषात लपवलेलं हवं, नाहीतर दर वेळी गवतच येईल, आणि माशाच्या डोक्यावर न टाकता तो ज्या दिशेला चाललाय तिकडे दोन-तीन फूट पुढे टाकायचं.

राहिलं "पूर्ण वाढलेला". गवतात येणारे बहुतेक रेडफिश अजून वयातच आलेले नसतात. तीन ते पाच वर्षांचे झाले की ते अंडी घालण्याजोगे होतात आणि मग बरेचसे बाहेर समुद्रात जातात, तिथे चाळीस वर्षंही जगतात. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या शेफ पॉल प्रुडॉमचा ब्लॅकन्ड रेडफिश हा पदार्थ देशभर गाजला आणि हा मासा इतका मारला गेला की धंद्यासाठीच्या मासेमारीवर बंधनं आणावी लागली, २००७ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी फेडरल पाण्यातल्या, म्हणजे किनाऱ्यापासून दूर केंद्र सरकारच्या हद्दीत पकडलेल्या रेडफिशची विक्रीच बंद करायचा आदेश काढला. म्हणून प्रत्येक राज्यात मापाचा आणि संख्येचा नियम आहे आणि तो बदलत राहतो, निघायच्या आधी वाचा. खायला एखादा नियमात बसणारा नेलात तर माझं काही म्हणणं नाही, पण "बिनधास्त" हा शब्द काढा त्यातून. मी स्वतः सगळे सोडतो. गरम पाण्यात मासा लवकर दमतो म्हणून फार खेळवत नाही, गळ पाण्यातच काढतो, आणि शेपटीजवळ धरून तो स्वतः जोर लावून सुटेपर्यंत उभा राहतो.