घर लांबच घ्या, रस्ता काय होतोच आहे

घर घ्यायचं ठरलंय ना, मग साइट बघायला रविवारी सकाळी लवकर जा, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. अर्ध्या तासात पोचाल, आणि आता जन्मभर अर्धाच तास लागणार असं मनात पक्कं करून टाका. सोमवारी नऊला चुकूनही जाऊन बघू नका, उगाच व्यवहार मोडायचा. ब्रोशरच्या नकाशात स्टेशन आणि बिल्डिंग यांच्यात बोटभर अंतर असतं, खाली बारीक अक्षरात 'नकाशा प्रमाणात नाही' असं लिहिलेलं असतं, ते वाचायला चष्मा लागतो म्हणून चष्मा घरीच ठेवा.

हिशोब तर एकदम सोप्पा. मधोमध घर महाग, लांब गेलं की स्वस्त. विल्यम अलोन्सो नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1964 मध्येच मांडून ठेवलंय की लांब गेल्यावर जागेचे जे पैसे वाचतात ते प्रवासात जातात. यातलं पहिलं अर्धं वाक्य पाठ करा, उरलेलं सोडून द्या. हप्ता कमी झाला ना, बास. मग कळतं की एका गाडीत भागत नाही, दुसरी घ्यावी लागते, तर तिचा हप्ता वेगळ्या खात्यातून भरा म्हणजे घर स्वस्तच दिसतं!

दोघंही नोकरीला असाल तर अजून मजा. एकाचं ऑफिस या टोकाला, दुसऱ्याचं त्या टोकाला, शाळा तिसरीकडेच, मग घर असं शोधा की तिन्ही ठिकाणं सारखीच गैरसोयीची पडतील. म्हणजे भांडण नाही.

आणि रस्त्याची काळजी तुम्ही कशाला करता, तो रुंद होतोच आहे. आता ड्युरांटन आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या शहरांचे आकडे काढून दाखवलं की हायवे जितके टक्के वाढवले साधारण तितकेच टक्के गाड्यांचं धावणंही वाढलं, पण ते अमेरिकेतलं झालं, तुमच्या रस्त्यावर तुम्ही एकटेच येणार आहात. नवा फ्लायओव्हर बघून लांबची जमीन फक्त तुम्हालाच जवळची वाटली, बाकी कुणाला नाही. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन माणसाने 1994 मध्ये लिहिलं होतं की माणूस दिवसाचा साधारण एक तास प्रवासात घालवतो, वाहन वेगवान झालं तरी तासाचा अर्धा तास होत नाही, माणूस अजून लांब राहायला जातो. (त्याचा तास आणि आपले तीन, हे गणित मला अजून जमलेलं नाही.)

मेट्रो येतेय म्हणालात? वा, मग तर नक्कीच घ्या. स्टेशनजवळचं भाडं वाढतं, रोज मेट्रोने जाणारे भाडेकरू पुढे सरकतात आणि त्यांच्या जागी दोन गाड्यावाले येऊन विचारतात, पार्किंग किती आहे हो? तुम्ही अर्थातच दुसऱ्या गटात या.

तेवढ्यात ऑफिसने घरून काम दिलं, आठवड्यातून दोनच दिवस जायचं, तर अजून थोडं पुढे जाऊन मोठं घर घ्या, वीस वर्षांचं कर्ज मॅनेजरच्या तोंडी शब्दावर काढायला काहीच हरकत नाही. कामासाठी वेगळी खोली, छान टेबल, मागे झाडाची कुंडी. मग एक दिवस सगळ्यांनी रोज यायचं असा मेल येतोच. टेबल विकू नका, इस्त्रीचे कपडे ठेवायला उंची बरोबर असते त्याची.