‘जेलर’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

नमस्कार.

‘रेडिओ खगोलशास्त्राच्या कार्यशाळेला जाताना’ या माझ्या लेखावर आपण ‘एक संशोधक विद्यार्थी’ या नावाने प्रतिक्रिया लिहिलीत. इतरांसाठी तिचा गोषवारा देते. पहिलेच वाक्य असे : “मॅडम, ही कार्यशाळेची माहिती आहे की जेलरने कैद्यांना वाचून दाखवलेली नियमावली?” मोबाइल बंद ठेवा, वेळेवर या, पडद्याचे फोटो काढू नका, शेवटच्या सत्रापर्यंत थांबा असे सांगणे म्हणजे विद्यार्थ्यांवर अविश्वास दाखवणे, असे आपण पुढे म्हणता. प्रवासाचे पैसे आधी स्वतःच्या खिशातून जातात आणि परत मिळायला महिने लागतात, त्याबद्दल मी गप्प आहे, अशी आपली तक्रार. मुलींसाठी मी एकच ओळ लिहिली आहे, अशीही. आणि शेवटी, “शहरी प्राध्यापकांना खेड्यातल्या मुलांच्या अडचणी काय कळणार?”

उत्तर लिहायला मी मुद्दाम काही दिवस जाऊ दिले. राग उतरला की लिहावे म्हटले. तो पुरता उतरलेला नाही.

एक गोष्ट लगेच मान्य करते. लॅपटॉप, ओळखपत्र, चादर-टॉवेल आणि प्रवासाची बिले हे सगळे मी एकाच लांबलचक परिच्छेदात घातले होते. वाचणाऱ्याला त्यात हवे ते सापडायला वेळ लागतो. आज त्याचे दोन परिच्छेद केले आहेत.

आता जेलर.

आपला मुख्य राग मोबाइल बंद ठेवण्यावर दिसतो. माझ्या लेखात ते वाक्य कुठे होते, हे आपण पाहिलेत का? पुण्यातल्या वर्गांबद्दल मी फक्त ‘आवाज बंद ठेवा’ म्हटले आहे. आयुका काय किंवा एनसीआरए काय, खगोलशास्त्राच्या या दोन्ही संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात आहेत आणि तिथे व्याख्यानात फोन खिशात असला म्हणून कोणी अडवत नाही. ‘पूर्ण बंद’ हे शब्द मी फक्त खोडदच्या भेटीसाठी लिहिले. नारायणगावजवळ जिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, त्या एका दिवसासाठी. आपण तो एक दिवस उचललात आणि सगळ्या कार्यशाळेला तुरुंग करून टाकलेत.

खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या सोळा तीन भुजांवर, एकूण पसारा साधारण २५ किलोमीटरचा. ही दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या लहरी टिपते. आपल्या खिशातला फोन ज्या लहरींवर बोलतो त्यांतल्या ८००-९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी याच टापूत येतात. आकाशातून येणारी ऊर्जा किती क्षीण असते याची कल्पना यावी म्हणून मी वर्गात नेहमी एक हिशेब फळ्यावर करून दाखवते : चालू मोबाइल चंद्रावर नेऊन ठेवला, तरी पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या मोजक्या सर्वांत प्रखर स्रोतांच्या पंक्तीत बसणारा दिसेल. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून दूर आहे. कार्यशाळेचा विद्यार्थी तबकडीपासून शंभर पावलांवर उभा असतो.

ही जागा निवडली गेली तीच मुळात शांततेसाठी. मोठ्या शहरांपासून अंतर, भोवती डोंगरांचा आडोसा आणि तरीही पुण्याहून साधारण ऐंशी किलोमीटर, म्हणजे पोचता येईल इतके जवळ. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोष्टी पारखून जागा ठरवली. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाची आधीची आखणी या दुर्बिणीजवळून जात होती आणि दुर्बिणीला बाधा येते म्हणून तिचा फेरविचार करावा लागला. आमच्या भागातल्या लोकांनी त्या रेल्वेची किती वर्षे वाट पाहिली आहे, हे मला ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या भागाने जे सोसले, त्यापुढे काही तास फोन बंद ठेवणे आपल्याला कैद वाटते?

आणि हे कोणासाठी करायचे, तेही सांगते. दुर्बिणीचा वेळ मागणारे प्रस्ताव वर्षातून दोनदा मागवतात. जगभरचे संशोधक अर्ज करतात, मागणी नेहमीच उपलब्ध वेळेपेक्षा जास्त असते, एक समिती छाननी करते आणि मग कोणाच्या वाट्याला काही तास येतात. आपण दुपारी तिथे तबकड्या बघत फिरतो तेव्हा दुर्बीण आपल्यासाठी थांबलेली नसते. कुणाचे तरी निरीक्षण चालू असते. त्या नोंदींच्या आलेखात कोणाच्या फोनमुळे मध्येच एक उंच सुळका आला की तेवढा भाग कापून टाकावा लागतो. तो तास कोणा पीएच.डी.च्या मुलीचा असेल, आपल्यासारख्याच. तिला सुळका कोणाच्या खिशातून आला हे कधीच कळणार नाही. मी ज्या मुलांना तिथे नेते त्यांना हे सगळे बसमध्येच सांगते आणि आजवर एकानेही मला जेलर म्हटलेले नाही. फोन बंद करून ती तबकड्यांखाली उभी राहतात, मान वर करून तारांची जाळी बघतात, तंत्रज्ञांना प्रश्न विचारून हैराण करतात. त्यांच्या चेहऱ्यावर कैद्याची कळा असती तर मला दिसली असती.

विद्यार्थ्यांवर माझा अविश्वास असता तर मी कारणे लिहिलीच नसती. नुसते ‘मोबाइल बंद’ असे लिहून मोकळी झाले असते. लेखात प्रत्येक सूचनेनंतर कारण दिले आहे. ते न वाचता सूचना तेवढ्या वेचून त्यांना ‘नियमावली’ म्हणणे हे संशोधक म्हणवणाऱ्याला शोभत नाही. आपल्या प्रबंधाचे परीक्षण कोणी असे केले तर आपल्याला चालेल का?

पडद्याच्या फोटोंबद्दल थोडक्यात. व्याख्याते पुष्कळदा अजून प्रसिद्ध न झालेले आलेख दाखवतात. दुर्बिणीची निरीक्षणेही ठरावीक मुदतीपर्यंत ज्याने ती घेतली त्याचीच असतात. फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटात टाकला की त्या माणसाच्या अनेक महिन्यांच्या कामाची गुप्तता एका क्षणात जाते. व्याख्यात्याला विचारा, बहुतेक जण स्वतःहून फाइल देतात. शेवटच्या सत्रापर्यंत थांबण्याबद्दलही तेच. शेवटच्या दिवशी गटांनी केलेले विश्लेषण मांडायचे असते. चौघांच्या गटातला एक जण दुपारची गाडी धरून गेला की उरलेल्या तिघांना त्याच्या वाटणीचे बोलावे लागते.

आता ते शेवटचे वाक्य. शहरी प्राध्यापक.

माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. आमच्या घरी टोमॅटो होता आणि वडील पहाटे नारायणगावच्या बाजारात क्रेट उतरवून मग मला एसटीत बसवायला यायचे. एम.एस्सी. झाल्यावर एका मोठ्या शहरातल्या संस्थेत मी पहिल्यांदा कार्यशाळेला गेले. संस्थेचे नाव घेणार नाही. निवड झाल्याचे पत्र आले होते, पण सोबत काय आणायचे याची एक ओळही त्यात नव्हती. विभागप्रमुखांचे पत्र नाही म्हणून नोंदणीच्या टेबलापाशी मला बाजूला उभे केले आणि माझ्या मागची मुले एकेक करून आत गेली. त्यांच्याकडे पत्रे होती, कारण त्यांच्या कॉलेजातले कोणी ना कोणी आधी अशा ठिकाणी जाऊन आलेले होते. खोलीवर गादी होती, पांघरूण नव्हते. डिसेंबर होता. दुसऱ्या दिवशी व्याख्यान डोक्यावरून गेले, कारण रात्रभर झोप नव्हती; आणि कॉफीच्या वेळी कोणाशी काय बोलायचे हे कळत नव्हते. प्रश्न विचारायला हात वर करायचा की व्याख्यान संपल्यावर गाठायचे, इतकी साधी गोष्टसुद्धा मला कोणी सांगितलेली नव्हती.

म्हणून मी यादी लिहिते. पांघरूण घ्या, विभागप्रमुखांचे पत्र आणि त्याची प्रत घ्या, ओळखपत्र घ्या, लॅपटॉपवर लिनक्स आणि रेडिओ निरीक्षणांच्या विश्लेषणाचे ‘कासा’ हे सॉफ्टवेअर घरून निघण्याआधी घालून ठेवा कारण तिथे एकाच वेळी सगळे डाउनलोड करू लागले की नेट रांगते, डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवा, एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, आदल्या संध्याकाळी पोचा. शहरातल्या मुलाला यातले निम्मे घरीच कळते. ज्याच्या घरात विद्यापीठात गेलेला तो पहिलाच आहे, त्याला हे कोण सांगणार? मी त्याच्यासाठी लिहिले आणि आपण त्याच्याच बाजूने बोलल्याचा आव आणून मला त्याच्याविरुद्ध उभे केलेत. हे मला सगळ्यांत जास्त लागले. खेड्यातल्या मुलांना नियम झेपत नाहीत असे मी कुठेही म्हटलेले नाही. आपल्या वाक्याचा अर्थ मात्र तसाच निघतो.

प्रवासखर्चाचे म्हणाल, तर तो आयोजकांचा आणि त्यांच्या लेखा विभागाचा विषय आहे. मूळ तिकीट जपा, कोणत्या वर्गाचे भाडे मिळते ते आरक्षणाआधी ईमेलवर विचारून घ्या, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत न्या, हे मी लिहिले होते. पैसे उशिरा मिळतात यावर मी काय करणार? माझ्या हातात ते नाही आणि लेखाचा विषयही तो नव्हता.

मुलींबद्दलची ओळ एकच होती, पण ती ओळ पुन्हा वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांत ‘कॅम्पस’ म्हणजे फक्त आपल्या कॉलेजचे आवार नव्हे. विद्यार्थी म्हणून आपण शिबिराला, अभ्याससहलीला, क्षेत्रभेटीला जिथे जाता ते ठिकाण आणि संस्थेने दिलेले प्रवासाचे वाहनसुद्धा त्यात येते. म्हणजे नारायणगावला नेणाऱ्या संस्थेच्या बसमध्ये कोणी त्रास दिला तरी आपल्याच संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. ही माहिती मला माझ्या विद्यार्थिदशेत मिळाली असती तर मी पुष्कळ निर्धास्त राहिले असते. ओळी मोजून काळजी मोजता येत नाही, साहेब. आपण साहेब आहात की बाई हेही मला ठाऊक नाही, कारण आपण नाव दिलेले नाही. मी माझ्या नावाने लिहिते.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. तिच्यातली भाषा वाचून एक-दोन विद्यार्थ्यांनी ती काढायला सांगितले होते, त्यांना मी नाही म्हटले. लेखातही मूळच्या सूचना तशाच राहतील. खोडदसाठी मोबाइल बंद, आणि तो विमान मोडवर ठेवून नव्हे तर पूर्ण बंद, हे वाक्य आता मी ठळक केले आहे. आपल्याला पुढच्या कार्यशाळेचा अर्ज करायचा असेल आणि शिफारसपत्र किंवा इतर काही विचारायचे असेल तर जरूर विचारा, उत्तर देईन. पण त्याआधी तो ‘जेलर’ शब्द मागे घ्या.