रुमाल उलटा करणारा पाहुणा

लेस हातची की मशीनची ते ओळखायला भिंग विकत घेतल्यापासून मला कुणाच्या घरी धड बसता येत नाही. यजमान पाणी आणायला आत वळले की फुलदाणी उचलायची, खालचा रुमाल उलटा करायचा आणि ते परतायच्या आत सगळं जागच्या जागी. दोनदा पकडला गेलोय. एका घरात त्यानंतर फुलदाणीच दिसेनाशी झाली.

या नादाचे धोके आधी कुणी सांगत नाही. एका पाहुणचारात मी म्हणालो, "ही लेस मशीनची. कापडावर यंत्राने भरतकाम करतात आणि मग रसायनात ते कापडच विरघळवून टाकतात. कडेला ही बारीक लव दिसतेय ना?" लेस यजमानांच्या पणजीची होती. म्हणजे, तोवर होती.

क्रोशेचं मात्र बरं असतं. खरा क्रोशे कारखान्यातल्या यंत्राला अजून जमलेला नाही, ते नुसती नक्कल करतं. त्यामुळे दुकानातून आणलेला खरा क्रोशेसुद्धा कुणीतरी सुई धरून विणलेलाच असतो. 1840च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या कितीतरी घरांना या सुईनेच हात दिला. (हे मी प्रत्येक घरी सांगतो. दोनदा पकडला गेलो तेव्हाही हेच सांगत होतो.)

आणि खरी मजा चुकांमध्ये. यंत्रही चुकतं, पण दर वेळी त्याच जागी, तीच चूक. माणूस एकदाच चुकतो आणि पुढे निघून जातो. मावससासूबाईंकडच्या जुन्या रुमालात मला अशी चूक सापडली. शेवटच्या फेरीत बारा पाकळ्या, प्रत्येकीत सात खांब, म्हणजे क्रोशेचे उभे टाके, आणि एकीत आठ! मी हरखलो. तेवढ्यात पाळण्यातलं पोर रडलं असेल का? दारात कुणी आलं असेल का? त्या एका जादा खांबात मला अख्खी दुपार दिसायला लागली.

तिथेच थांबायला हवं होतं. पण कडेला धाग्याचं टोक सुटलेलं दिसलं. टॅटिंग ही लेसची दुसरी तऱ्हा म्हणजे गाठीच गाठी, ते सहजी उसवत नाही, क्रोशे उसवतो. खांब मोजून झाले होते, म्हणजे हा क्रोशे हे कळलंच होतं. तरी खात्री केलेली बरी म्हणून टोक जरासं ओढलं.

खात्री फारच लवकर झाली. चार पाकळ्या माझ्या मांडीवर कुरळ्या धाग्याच्या रूपात पडल्या होत्या आणि मावशी दारात उभ्या होत्या.

त्या काही बोलल्या नाहीत. कपाटातून सुई काढली आणि माझ्याशी गप्पा मारत, रुमालाकडे न बघता, पाकळ्या पुन्हा विणून टोक आत दडवलं. मी भिंग लावून मोजलं. सगळीकडे सात.

"बरं झालं उसवलंत हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तो आठवा खांब मला इतकी वर्षं खुपत होता."