शब्दांचे 7 टक्के: हा हिशेब आला कुठून?

शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी मित्र, बचत गट, कोणत्याही ग्रुपवर जा, एक रंगीत पोस्ट हमखास सापडते. मजकूर थोडक्यात असा: संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55. हे अमेरिकेत सिद्ध झालंय. तेव्हा सादरीकरणात काय बोलायचं यापेक्षा कसं उभं राहायचं ते शिका, आणि ऑनलाइन बैठकीत कॅमेरा बंद ठेवलात तर निम्म्याहून जास्त संवाद बुडाला समजा. आमच्याकडे याच्या जोरावर पैसे घेऊन प्रशिक्षणं सुरू झाली आहेत, म्हणून हा खटाटोप.

"सिद्ध झालंय."

काय सिद्ध झालं ते बघा. 1967 साली अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत दोन छोटे प्रयोग केले. पहिल्यात काही सुटे शब्द होते, काही मायेचे, काही रागाचे, काही मधलेच. ते वेगवेगळ्या सुरांत ऐकवून विचारलं, बोलणाऱ्याच्या मनात काय भावना आहे? दुसऱ्यात एकच शब्द, "कदाचित" या अर्थाचा, तीन सुरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. एकात शब्द विरुद्ध आवाज, दुसऱ्यात आवाज विरुद्ध चेहरा. मग दोन्हींचे निकाल जोडून 7-38-55 चं सूत्र बसवलं. कोणी भाषण केलं नव्हतं, तक्ता दाखवला नव्हता, प्रश्नोत्तरं नव्हती. आणि तो 55 चा आकडा चेहऱ्याचा आहे. हातवारे, चाल, उभं राहणं त्यात कुठेच नाही. बोलणारा आवडीनिवडीबद्दल किंवा भावनांबद्दल बोलत नसेल तर हे सूत्र लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवलंय. तेवढी ओळ मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

"शब्दांवर वेळ घालवू नका."

बरं बाप्पा, मग हे शब्दांशिवाय सांगून दाखवा: कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा, आणि सलग 3 रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग सापडले की फवारणीची वेळ आली समजा. किंवा हे: पाच टक्के निंबोळी अर्काला 5 किलो निंबोळी आणि 100 लिटर पाणी. यातला आकडा चुकला तर चेहऱ्यावरचं हसू काय कामाचं? 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, मनाने औषधं एकत्र करू नका, ही वाक्यं त्यानंतर तरी नेमकी, ओळीने आणि पुन्हा पुन्हा सांगितली गेली पाहिजेत.

बँकेत तर शब्दांचाच कस लागतो. मिनी डाळ मिलसाठी कर्ज मागायला गेलात की साहेब तीनच गोष्टी विचारतात: तूर किती क्विंटल मिळेल, कोणत्या महिन्यात मिळेल, पैसा किती दिवस अडकेल. याची उत्तरं प्रस्तावाच्या पहिल्या दोन पानांत नसतील तर कडक इस्त्रीचा शर्ट कर्ज मंजूर करून देत नाही.

आता प्रत्यक्ष सभेचं. ग्रामपंचायतीचा टिनाचा हॉल, दुपारची वेळ, पडद्यावर उन्हाची तिरीप, आणि स्लाइडवर पांढऱ्यावर पिवळी अक्षरं. मागच्या रांगेला काहीच दिसत नाही. त्यात लाइन गेली की संपलंच. म्हणून मी म्हणतो, चार डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली कपाशीची फुलं) आणि एक किडकं बोंड खिशात घालून न्या. नखाने बोंड फोडा, आतली अळी दाखवा, पिवळट कवडी, म्हणजे किडीने खराब झालेला कापूस, हातोहात फिरवा. ही देहबोली नव्हे, हा पुरावा आहे, आणि त्याच्या जोडीला वाक्यही तयार लागतं.

"मोठे वक्ते देहबोलीनेच जिंकतात."

इथे लोक गाडगेबाबांचं नाव घेतात: अंगावर चिंध्या, हातात खराटा. दिसणं होतंच, नाही कोण म्हणतं? पण बाबांच्या कीर्तनाचा जीव होता तो लोकांना सरळ वऱ्हाडीत प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्यात. चिंध्या पांघरून पाठ केलेली इंग्रजाळलेली स्लाइड वाचली असती तर किती लोक थांबले असते?

नजर मिळवणं, आवाज मोकळा ठेवणं, हे करावंच. तोंडाने "फायदा आहे" म्हणताना चेहरा पडलेला असेल तर लोक चेहऱ्यावरच विश्वास ठेवतात. त्या प्रयोगांतून खरं निघालं ते एवढंच.

"कॅमेरा बंद म्हणजे संवाद बंद."

मग 1800-180-1551 वर काय चालतं? किसान कॉल सेंटर 2004 पासून निव्वळ आवाजावर सल्ला देतंय. आपल्याकडे रेंज एका काडीवर आली की व्हिडिओ आधी गोठतो आणि मग आवाजालाही घेऊन बसतो. सुरुवातीला चेहरा दाखवून रामराम करा आणि मग खुशाल कॅमेरा बंद करा. ऐकणारा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा आहे, एक कान फोनला आणि डोळे बैलांवर, हे धरूनच बोला. सादरीकरणाची पानं आदल्या दिवशी ग्रुपवर टाका. "इथे बघा" म्हणू नका, "चौथ्या पानावर वरचा तक्ता" म्हणा. आकडा दोनदा सांगा, तुटक आवाजात सात आणि साठ सारखेच ऐकू येतात. आणि "कोणाला काही शंका?" असं मोघम विचारू नका, सगळे म्यूटच राहतात. एकेकाचं नाव घेऊन विचारा: काका, तुमच्या सापळ्यात काल किती पतंग निघाले?