मुलांसमोर मरणाचे नाव

आज सकाळच्या कुटुंबप्रार्थनेत बायबलमधले नव्वदावे स्तोत्र होते. मोशेची ती प्रार्थना माझ्या आठ वर्षांच्या मुलीने मोठ्याने वाचली: माणसाचे आयुष्य सत्तर वर्षांचे, फार तर ऐंशी, सकाळी उगवलेले गवत संध्याकाळी सुकून जाते. आमेन झाल्यावर घरी उतरलेले एक नातेवाईक मला बाजूला घेऊन म्हणाले, "लेकरासमोर रोज रोज मरणाचे कशाला काढता? अशुभ वाटते." पाहुणे म्हणून मी गप्प राहिलो, पण ते शब्द अजून मनातून जात नाहीत.

2004 साली मी चौदा वर्षांचा होतो आणि आम्ही इथेच, इंदूरच्या छावणी भागात राहत होतो. त्या दिवशी बाबांनी नेहमीप्रमाणे सहाला प्रार्थना घेतली आणि पिशवी उचलताना म्हणाले, "सियागंजातून किराणा घेऊन येतो. प्रभूची इच्छा असेल तर दहापर्यंत परततो." बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातले हे शब्द त्यांच्या तोंडी इतके बसले होते की पुण्याच्या गाडीचे तिकीट काढतानाही ते सुटत नसत, आणि आम्ही भावंडे त्यावर हसत असू. नऊच्या सुमारास एका दुकानाच्या पायरीवर त्यांचे हृदय बंद पडले. निरोप घरी पोहोचायला साडेदहा वाजले. ते अवघे 52 वर्षांचे होते.

"एवढी प्रार्थना करून काय मिळाले?" असे दफनाच्या दिवशीही एकाने विचारले होते. मला आजही त्याचा संताप येतो. प्रार्थना म्हणजे काय विम्याचा हप्ता आहे, की तो भरला म्हणजे माणूस दहाला घरी आलाच पाहिजे? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजची. अरण्यात मान्ना, म्हणजे देवाने इस्राएलांना दिलेले अन्न, तोही त्या दिवसापुरताच गोळा करायचा असे, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा अपवाद सोडला तर, आणि हावेने राखून ठेवलेल्यात किडे पडत. मरणाची भीती घालून मुलांना धाकात ठेवणारी घरे आहेत, हे मान्य; ते चूकच आहे. पण बाबांच्या त्या वाक्यात भीती कुठे होती? ते म्हणताना त्यांचे अर्धे लक्ष पिशवीच्या तुटलेल्या बंदाकडे होते.

दफन करून परतलो त्या संध्याकाळी आईने बाबांचे पवित्र शास्त्र उघडले. खूण 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या आरंभी होती: आदाम, शेथ, अनोश, पुढे नुसती नावेच नावे. आज एखादे सांत्वनाचे स्तोत्र घ्यावे, असे कोणीतरी सुचवले. आईने बाबांचाच चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवले आणि कधीच्या काळी मातीत गेलेल्या त्या माणसांची नावे, एकही न गाळता, ती वाचत गेली. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली गेले तेव्हा अपुरे राहिलेले त्यांचे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, हे पुढे वाचले तेव्हा मला आईचे ते बोटच आठवले.

आज दुपारी मुलीने आजीला विचारले, "आजोबा दहाला येणार होते, मग दहा वाजता तू काय करत होतीस?" इतक्या वर्षांत आम्हा भावंडांपैकी कोणालाही हे विचारण्याचे धैर्य झाले नव्हते. आईचे मटार सोलणे थांबले नाही.

"चहाचे आधण ठेवले होते," ती म्हणाली. "दोन कपांचे."