बटणं बंद करून काय मिळतं? काकांना उत्तर

नमस्कार काका (वीज मंडळात ३० वर्षं काढली असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो),

स्टँडबायवरच्या (म्हणजे बंद दिसणाऱ्या, पण आतून वीज खात राहणाऱ्या) वस्तू बोर्डाच्या बटणापासून बंद करा, या माझ्या लेखावर तुम्ही झाडलेले ताशेरे दोनदा वाचले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आजचा टीव्ही रिमोटने बंद केल्यावर जेमतेम अर्धा वॅट खातो, म्हणजे वर्षाला साडेचार युनिटंही नाहीत. मोबाइलचा रिकामा चार्जर त्याहून कमी. तेव्हा चाळीस-पन्नास रुपयांसाठी म्हाताऱ्या माणसांना रोज टेबलाखाली वाकायला लावू नका, एसी दोन अंश वर ठेवायला सांगा. शिवाय ‘बिलातले दहा टक्के स्टँडबायवर जातात’ हा आकडा कुठून आणलात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो आकडा परदेशातल्या घरांचा, आणि तोही जुना. आपल्या घरांना मी तो तसाच चिकटवला. चूक माझी, लेखातून काढून टाकलाय. चार्जरचंही तुमचंच बरोबर. तो परिच्छेद मी उगाच रंगवला होता.

अर्ध्या वॅटबद्दल मात्र एक सांगू? तो आकाशातून पडलेला नाही. नव्वदच्या दशकातले टीव्ही बंद असतानाही कित्येक वॅट ओढत बसायचे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या ॲलन मायर यांनी या गळतीचा पिच्छा पुरवला, १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने स्टँडबायसाठी ‘एक वॅट’चं उद्दिष्ट मांडलं, आणि युरोपने २०१० पासून एक वॅटची, २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादाच घातली. ‘एवढ्याशा विजेने काय होतंय’ म्हणणारे तेव्हाही असणारच.

पण टीव्हीचा कायदा टीव्हीच्या शेजारच्या डब्याला लागतोच असं नाही. तुमची प्रतिक्रिया वाचून चिडलो होतो, म्हणून त्याच रात्री मीटर बघायला खाली गेलो. आमच्या मीटरवर ‘३२०० इम्प’ लिहिलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुम्हाला हे नवीन नाही, इतरांसाठी सांगतो : ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, चालू असलेले वॅट मिळतात. (आकडा वेगळा असेल तर आधी ३६ लाखांना त्याने भागा.) फ्रीज, पंखे, दिवे बंद, वर बायको फोनवर, खाली मी टॉर्च आणि डास. दिवा ३२ सेकंदांनी लुकलुकला. म्हणजे ३५ वॅट, आणि घरात ‘काहीच चालू नव्हतं’.

मग एकेक बटण. टीव्हीचं बंद केलं, काही फरक नाही, तुम्ही जिंकलात. सेटटॉप बॉक्सचं केलं आणि ३२ चे एकदम ४७ सेकंद झाले. ११ वॅट! रिमोटने ‘बंद’ केला तर त्याचा फक्त दिवा बदलतो, बाकी पोटात सगळं चालूच. रात्री बारा वाजता त्याच्यावर हात ठेवून बघा, कोमट लागेल. एसीचा स्टॅबिलायझर ४ वॅट, तेही एसी बंद असताना. मायक्रोवेव्हचं घड्याळ २. उरलं ते बहुतेक राउटर आणि इन्व्हर्टरचं. त्यांना हात लावला नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टर झोपलेला आढळला तर घरात माझं काय होईल ते तुम्ही समजू शकता.

टीव्ही दिवसाला पाचेक तास चालतो. तेवढे सोडून बॉक्स बंद ठेवला, बाकीचे दोन कायमचे, तर महिन्याला दहा-साडेदहा युनिटं वाचतात. आणि वाचलेलं युनिट पहिल्या शंभरातलं नसतं, वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. तिथे वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) आणि वीज शुल्क धरून ते दहा रुपयांच्या वरच पडतं. महिन्याला शंभरच्या वर गेले ना?

एसीचं मान्य. २०२० पासून नवे एसी मुळात २४ अंशांवर लावूनच येतात, ते चांगलंच झालं. पण आमचा एसी वर्षात तीन महिने चालतो, बॉक्स बाराही महिने.

वाकण्याचा मुद्दा खरा आहे, आणि त्याचं उत्तर मला आईकडून मिळालं. बॉक्सला सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, पहिल्या दिवशी तिची सातची मालिका अर्धी बुडाली आणि मी बोलणी खाल्ली. आता इलेक्ट्रिशियनकडून टीव्हीच्या वर, हाताच्या उंचीवर बोर्ड घेतलाय. कुकर लावायला उठली की ती बटण दाबते, कुकर लागेपर्यंत बॉक्स तयार.

तुमच्याकडे किती सेकंद येतात ते जरूर कळवा. फ्रीज बंद केलात तर आठवणीने परत लावा. आमचा सकाळपर्यंत तसाच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी घरभर कढी होती.