मृगाच्या आत खरेदीखत

जुनी घरं घेऊन, रंगवून विकायच्या धंद्यात उतरायचं ठरवलंच असेल, तर आधी घर नीट निवडा. छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या एन सेक्टरांमधली जुनी बैठी घरं आहेत, लातूर-नांदेडातही जुन्या कॉलन्या आहेत. म्हातारा-म्हातारी पुण्याला मुलाकडं निघालेत, मुलाला कटकट नको, असं घर बघा. इसार द्या, चावी घ्या, कार्ड छापा. कार्डावर स्वतःला ‘डेव्हलपर’ म्हणवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

मुहूर्त मात्र पाळा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचं घर सोबत हलवते. म्हणून एप्रिल-मेमध्ये भिंतींच्या भेगा तोंड उघडतात आणि जून लागला की ओल चढते. मधला दिवाळी ते होळी एवढाच काळ घर गप्प असतं. सौदा त्यातच उरका. फार तर अक्षय्य तृतीयेपर्यंत ताणा. तेव्हा गिऱ्हाईक वास्तुशांतीच्या घाईत असतं, भिंतीला हात लावून कोण बघतो? मृग लागल्यावर घर दाखवणारा माणूस एक तर प्रामाणिक असतो, नाही तर नवखा.

लोणा लागलेल्या भिंतीचा गिलावा चुकूनही खरवडू नका. गिलावा काढला की विटा दिसतील, विटा दिसल्या की ओल कुठून येते ते शोधावं लागेल, शोधलं की पलीकडच्या न्हाणीतला फुटका पाइप सापडेल आणि त्या पाइपातून तुमचा नफा वाहून जाईल. त्यापेक्षा पुट्टीचे दोन हात, वर प्रायमर, त्यावर टेक्स्चर. स्लॅबचं तर याहून सोपं. सळई गंजली की फुगते आणि खालच्या काँक्रीटची खपली ढकलून पाडते. खपल्या पडून सळया उघड्या पडल्या असतील, तर त्यांच्याखाली पीओपीचं सीलिंग मारा आणि कडेनं एलईडीची पट्टी सोडा. गिऱ्हाईक वर बघेल ते उजेडाकडंच. जुन्या शहाबादीवर नवी फरशी चिकटवली की दार खाली घासायला लागतं. दार खालून कापा. न्हाणीचा उतार उलटा होऊन पाणी हॉलकडं निघालं, तर उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी ठोका आणि ‘डिझाइन आहे’ म्हणून सांगा.

हल्ली गिऱ्हाइकाला ओपन किचन लागतं. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडा. बैठ्या घरात कॉलम नसतात, सगळा भार भिंतींवरच तोललेला असतो, वगैरे इंजिनिअर सांगेल. त्याला चहा पाजा. लातूर-औशाकडचं गिऱ्हाईक असेल तर मात्र जपून. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली, ती माणसं घरात शिरल्यावर सोफ्याकडं बघत नाहीत. बीम कुठं टेकलाय ते बघतात, भिंतीवर बोटानं वाजवतात आणि चहा न घेता निघून जातात. अशांच्या मागं लागू नका, तुमचा माल त्यांच्यासाठी नाही.

वर एखादी खोली वाढवायची असेल, तर काँक्रीटवर पाणी मारण्याचा प्रश्न येईल. भारतीय मानक म्हणतं, साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला 10 दिवस ओलावा हवा. मानक लिहिणाऱ्यांनी बहुधा आपल्या नळाचं वेळापत्रक पाहिलेलं नव्हतं. जायकवाडी भरलेलं असलं तरी नळ ज्या गावात कैक दिवसांच्या अंतरानं येतो, तिथं स्लॅबला पाणी पाजणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. मिस्त्री कुरकुर करेलच.

“मालक, स्लॅबला अजून पाणी मारावं लागंल. इतक्यात सेंट्रिंग का बरं काढायलाव?”

“परवा पार्टी घर बघायला यायलीय.”

“मग वरती उड्या मारू नका म्हणावं पार्टीला.”

असल्या मिस्त्रीला हसून सोडून द्या.

कायद्याचं टेन्शन घेऊ नका. रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याखाली नोंदलेल्या नव्या इमारतीतला दोष ताब्यापासून 5 वर्षं बिल्डरला स्वखर्चानं दुरुस्त करून द्यावा लागतो. तुमचं तर जुनं घर, रिसेल. खरेदीखतात ‘जसे आहे तसे’ हे शब्द घालून घ्या. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा कलम 55 मध्ये सांगतो की, खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्यानं स्वतःहून सांगावा. तो वाचायला लागणारा वकील गिऱ्हाइकाला सहसा पावसाळ्यानंतरच सापडतो.

राहिला नावाचा प्रश्न. नाव जाईल म्हणून घाबरू नका, ते एकदम जात नाही. पहिल्या झडीला सीलिंगवर पिवळा डाग येतो. फोन येतो, तुम्ही ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणता. मग गिऱ्हाईक दुसरा प्लंबर बोलावतं. तो सीलिंगला भोक पाडतो, बॅटरी मारून आत बघतो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतो, “हे कुणी केलंय?” तेवढ्यावर भागतं. गिऱ्हाईक शिक्षक असेल तर दुसऱ्या दिवशी स्टाफरूमला कळतं, एसटीत असेल तर डेपोला. संध्याकाळपर्यंत कळतं की गिऱ्हाईक तुमच्या साडूच्या भावकीतलं आहे. तुमच्या पुढच्या घराचं मूल्यांकन करायला आलेला बँकेचा माणूस खिशातून नाणं काढून फरशीवर वाजवत फिरतो. हार्डवेअरवाला ‘रोख असेल तर बोला’ म्हणतो. नकाशावर सही करणारा इंजिनिअर नेमका गावाला गेलेला असतो. त्याला या गावात अजून तीस वर्षं सह्या करायच्यात.

यावर उपाय सोपा आहे. पाटी बदला. आधीच्या फर्मला देवाचं नाव असेल तर आता आईचं द्या. फोन नंबर नवा घ्या. जालन्याला नाही तर परभणीला जा, तिथंही दिवाळी ते होळी घरं गप्पच असतात.

फक्त त्या मिस्त्रीची मजुरी थकवून जाऊ नका. थकवून गेला असाल तर ऐका: तुमची सगळी जुनी गिऱ्हाइकं सध्या त्यालाच दुरुस्तीला बोलावतात. सीलिंग नेमकं कुठं फोडायचं, हे त्याला शोधावं लागत नाही.